टोपी बदलताना

'कम्युनिकेशन स्किल्स' म्हटले की आपल्याला फाडफाड इंग्रजी आठवते. मी कॉन्व्हेंटमधला, म्हणून हॉस्टेलवर सगळे म्हणतात, "तुझं काय, तू तर सुटलास!" पण गोष्ट इतकी सोपी नाही. उद्या आपल्यातले बरेच जण मॅनेजर होतील, त्यांनी 'चॅलेंजर'ची केस जरूर वाचावी.

२७ जानेवारी १९८६ ची रात्र. नासा आणि रॉकेट बूस्टर बनवणारी मॉर्टन थायोकॉल कंपनी यांची फोनवर मीटिंग चालली होती. सकाळी चॅलेंजर यानाचे उड्डाण, आणि फ्लोरिडात कडाक्याची थंडी. बूस्टरच्या सांध्यांत गरम वायू अडवायला रबराच्या ओ-रिंग असतात. थंडीत रबर कडक होते, फट पटकन बुजवत नाही. म्हणून रॉजर बोइजोली आणि इतर इंजिनिअर सांगत होते, ५३ अंश फॅरनहाइटच्या (साधारण १२ सेल्सिअस) खाली उड्डाण नको.

नासाच्या अधिकाऱ्यांना हे पटेना. कंपनीने आपसात बोलायला पाच मिनिटे मागितली, त्याचा अर्धा तास झाला. तेव्हा एका वरिष्ठाने इंजिनिअरिंग विभागाच्या प्रमुखाला सुचवले की इंजिनिअरची टोपी काढ, मॅनेजमेंटची घाल. (मराठीत टोपी घालणे म्हणजे काय, ते सांगायला नको!) शेवटी फक्त चार मॅनेजर लोकांनी मत दिले आणि होकार कळवला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान नष्ट झाले. सात अंतराळवीर गेले.

यातून काय घ्यायचे?

१. 'कुणाला काही अडचण?' असे घाईत विचारू नये. ज्याला कामाची खरी माहिती आहे त्याचे नाव घेऊन विचारावे, आणि बोलून होईपर्यंत गप्प बसावे.

२. 'धोका आहे हे सिद्ध कर' असे हाताखालच्या माणसाला म्हणू नये. 'धोका नाही' हे सिद्ध करणे आपले काम. त्या रात्री नेमके उलटे झाले.

३. वाईट बातमी वर पोहोचवावी. उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांना इंजिनिअरांचा विरोध माहीतच नव्हता, असे चौकशीत निघाले.

४. सांगणाऱ्याने सोपे सांगावे. आकड्यांच्या तक्त्यांनी जे पटले नाही, ते नंतर आयोगाचे सदस्य रिचर्ड फाइनमन यांनी बर्फाच्या पाण्यात रबराचा तुकडा बुडवून सगळ्यांना दाखवले.

आपल्या प्रोजेक्ट ग्रुपमध्येही एखादा असतोच, जो हळूच म्हणतो, "अरे, हे चालणार नाही." सबमिशन उद्यावर असते, म्हणून आपण त्याला "गप रे" म्हणतो. आज फार तर मार्क जातील. पण हीच सवय घेऊन आपण पुलावर, बॉयलरवर, कारखान्यात जाणार आहोत. तेव्हा पुढच्या वेळी त्याला फक्त एवढेच विचारा, "का रे? नीट सांग."