जुनी कॅरव्हॅन रस्त्यावर काढण्याआधी

इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या भटक्या मंडळींची पहिली दोन वर्षं तंबूत जातात. मग लेक डिस्ट्रिक्टमध्ये सलग तीन रात्री पाऊस झोडपतो, स्लीपिंग बॅगा पिळून वाळत घालाव्या लागतात, आणि परतीच्या वाटेवर कॅरव्हॅनचा विषय निघतो. नवी परवडत नाही, म्हणून पंचवीस-तीस वर्षांची जुनी. आम्हीही तशीच घेतली, १९९६ची, चौघांना पुरेल अशी. बघायला गेलो तेव्हा पडदे नुकते धुतलेले होते, गाद्यांना नवी कव्हरं होती. आम्ही त्यावरच भाळलो. पुढच्या कोपऱ्यातलं कपाट कुणीच उघडून पाहिलं नाही.

तुम्ही तेच आधी उघडा. आषाढात कोकणातल्या घरातलं लाकडी कपाट उघडल्यावर जो वास येतो, तो आपल्या नाकाला पाठ असतो. कॅरव्हॅनची दारं-खिडक्या काही तास बंद ठेवून मग आत शिरा. तो वास आला की बाकी सगळं थांबवायचं. आत सुगंधी फवारा मारलेला असेल तर जास्तच सावध व्हा.

नाकानंतर अंगठा. खिडक्यांखाली, कपाटांच्या आतल्या कोपऱ्यांत, छत आणि भिंत जुळते तिथे दाबत जा. त्या सांध्यावर बाहेरून ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूंनी बसवलेली असते आणि तिच्याखाली मॅस्टिकचा थर असतो. वर्षानुवर्षं उन्हा-थंडीत तो सुकून तडकतो, आणि पावसाचं पाणी स्क्रूच्या कडेने लाकडी चौकटीत उतरतं. आतल्या बाजूला पातळ प्लाय आणि त्यावर कागद, त्यामुळे चौकट कुजत आली तरी भिंत छान दिसते. आमच्या त्या कपाटात अंगठा दाबला तो चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा आत गेला. ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते घ्याच. आकडा १५ टक्क्यांच्या आत असेल तर निर्धास्त राहा, २०च्या वर गेला तर पाणी कुठून येतंय ते शोधा, ३०च्या आसपास असेल तर लाकूड बदलायची तयारी ठेवा.

दुरुस्ती म्हणजे पट्टी पूर्ण काढायची, जुनं मॅस्टिक खरवडायचं, कुजका भाग कापून उरलेली चौकट पूर्ण वाळू द्यायची, नवं लाकूड बसवायचं आणि मग नवं मॅस्टिक, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. पट्टीवरून नुसतं सिलिकॉन फासू नका. पाणी आतच कोंडतं आणि कूज वाढते. आमचा अख्खा उन्हाळा यात गेला, पण हे झाल्याशिवाय दुसऱ्या कशावर पैसा घालण्यात अर्थ नव्हता.

फरशीसाठी दारापाशी आणि ओट्यासमोर उभं राहा. पायाखाली दबली, करकरली तर प्लाय आणि आतला फोम सुटलाय. भोकं पाडून त्यात गोंद भरता येतो.

टायरची नक्षी फसवते. कॅरव्हॅन वर्षातून थोडीच धावते, पण रबर उभ्याउभ्या म्हातारं होतं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षं झाली की तडे तपासा, सात झाली की नक्षी कितीही नवी दिसो, बदला. चाक बसवल्यावर पन्नासेक किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने नट पुन्हा तपासायचे. हिवाळाभर हँडब्रेक ओढून ठेवला तर ब्रेक शू ड्रमला चिकटतात, म्हणून चाकांना ठोकळे लावून ब्रेक सैल ठेवा. अशा कॅरव्हॅनला ब्रिटनमध्ये मोटारीसारखी वार्षिक सक्तीची तपासणी नाही. म्हणजे तुम्ही बघितलं नाही तर कुणीच बघत नाही. वर्षातून एकदा जाणत्या मेकॅनिकला घरी बोलवा आणि ब्रेक उघडून दाखवायला सांगा.

गॅसच्या रबरी नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षांवर गेली असेल तर टाकून द्या. सांधे साबणाच्या पाण्याने तपासा. थंडीत लाल सिलिंडरमधला प्रोपेन घ्या, ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायूच होत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. पाण्याच्या नळ्या बाळाच्या बाटल्यांच्या निर्जंतुक द्रवाने धुवा, हिवाळ्याआधी पूर्ण रिकाम्या करा, नाहीतर बर्फाने नळ फुटतात.

मग वजन. १६ डिसेंबर २०२१पासून इंग्लंडमध्ये मोटारीच्या साध्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतची कॅरव्हॅन ओढता येते, पण गाडीला ती झेपते का हा प्रश्न वेगळा. नवख्याने भरलेली कॅरव्हॅन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांत ठेवावी. आपल्याकडे कुकर, तवा, तांदूळ, कणीक, पाण्याचे कॅन निघतात. हे जड सामान चाकांच्या वर, जमिनीलगत ठेवा. मागे भरलं तर वेगात शेपूट हलायला लागतं आणि मग सावरणं कठीण. जोडणीवर भरलेल्या कॅरव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के भार यावा. तो बाथरूमच्या वजनकाट्यावरही मोजता येतो.

पहिली फेरी घरापासून तासाभरावरची, एका रात्रीची. आम्ही ईडेलजवळ एका शेतावर मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी किंडर स्काउटचा डोंगर चढायचा होता. रात्री पाऊस आला. दोनदा उठून टॉर्च घेऊन चारही कोपरे चाचपले. कपाटातलं नवं लाकूड कोरडं होतं.