लोकलची मोटर वेग कसा घेते?

मुंबईची लोकल दर थोड्या मिनिटांनी स्थानकावर थांबते आणि पुन्हा धावू लागते. थांबलेली मोटर दर वेळी शून्यापासून पूर्ण वेगास आणायची, तीही वीज वाया न घालवता. हे कसे साधतात, ते पाहू.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत देशातील पहिली विजेची गाडी धावली. तिला १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह पुरवीत. एकदिश मोटर फिरू लागली की तिच्यात उलट दाब निर्माण होतो व तो प्रवाहाला आवर घालतो. मोटर थांबलेली असता हा दाब शून्य असतो. त्या वेळी पूर्ण दाब दिला, तर प्रवाह बेसुमार वाढून वेटोळी जळतील. म्हणून मोटरीशी रोध एकसरीत जोडीत व वेग वाढेल तसे ते कमी करीत. पण केवळ रोधच वापरले, तर वेग घेताना मोटरीला सरासरीने निम्माच दाब मिळतो. उरलेल्या निम्म्या दाबाची वीज रोधांत उष्णता होऊन जाते!

आजच्या लोकलमध्ये तीन फेजच्या प्रेरण मोटरी असतात. त्यांतील चुंबकीय क्षेत्र स्वतःच फिरते आणि आतला घूर्णक किंचित मागे राहून त्याच्याबरोबर फिरतो. या क्षेत्राचे

दर मिनिटाचे फेरे = १२० × वारंवारता ÷ ध्रुवांची संख्या

म्हणजे चार ध्रुव व ५० हर्ट्झ असता १५०० फेरे. २५ हर्ट्झला ७५०. वारंवारता बदला, वेग बदलतो! मात्र वारंवारता निम्मी केली की दाबही जवळजवळ निम्मा करावा लागतो. नाही तर गाभ्यातील लोखंड चुंबकत्वाने संपृक्त होऊन प्रवाह फार वाढतो.

एप्रिल २०१६ पर्यंत मुंबईतील लोकलचे सर्व मार्ग २५,००० व्होल्ट, ५० हर्ट्झ प्रत्यावर्ती प्रवाहावर आले. गाडीत रोहित्र हा दाब उतरवते. मग प्रवाह एकदिश करतात आणि अतिवेगाने उघडझाप करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच त्यापासून हव्या त्या वारंवारतेचा तीन फेजचा प्रवाह घडवतात. गाडी सुटताना ही वारंवारता अगदी कमी असते. पुढे ती वाढवत नेतात.

थांबताना वारंवारता अशी ठेवतात, की क्षेत्र घूर्णकापेक्षा हळू फिरेल. तेव्हा तीच मोटर जनित्र बनते आणि गाडीच्या गतीची ऊर्जा वीज होऊन तारेत परत जाते. पूर्वी रोध तापवणारी वीज वाचली, शिवाय थांबतानाही थोडी हाती आली.

आता तुम्हीच सांगा : १० हर्ट्झला वरील मोटरीचे क्षेत्र मिनिटाला किती फेरे घेईल?