आजारपणाची रजा नेमकी कोणाची?

घरभेटीच्या वेळी एक प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारला जातो. "फादर, कंपनीने वर्षाला सात दिवस सिक लिव्ह दिली आहे. देवकृपेने आजारी पडलो नाही. मग डिसेंबरात घरच्या लग्नाला ती वापरली तर कोणाचे काय गेले? रजा आमचीच ना?" विचारणारी माणसे लबाड नसतात. पहाटेची लोकल पकडून रात्री नऊला घरी परतणारी, कष्टाने चार पैसे जोडणारी असतात. म्हणून 'पाप आहे, करू नका' एवढ्यावर त्यांची बोळवण करणे आम्हाला योग्य वाटत नाही.

'आमची' हा शब्द आधी तपासून पाहू. महिनाभर काम केल्यावर मिळणारा पगार आपला असतो. तो कशासाठी हवा, हे मालकाने विचारायचे नसते. आजारपणाच्या रजेचे तसे नाही. ती गरजेला बांधलेली आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेकडे पाहिले की हे लगेच कळते. 1948 च्या कायद्याने तिचा पाया घातला. 2019 पासून कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के रक्कम या योजनेत जमा होते. पात्र कामगार आजारी पडला तर वर्षात 91 दिवसांपर्यंत सुमारे 70 टक्के वेतन त्याला मिळू शकते. हा पैसा कोणा एकाच्या खात्यात साठत नाही. धडधाकट कामगाराची वर्गणी खाटेवर पडलेल्या कामगाराच्या घरची चूल पेटती ठेवते. आपल्या धर्मग्रामातील व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या पेटीत आपण सगळेच पैसे टाकतो. 'यंदा मला गरज पडली नाही, तेव्हा माझा वाटा परत द्या' असे कोणी म्हणाले तर आपण त्याच्या तोंडाकडे पाहत राहू.

कंपनीची सिक लिव्ह म्हणजे अगदी अशी पेटी नव्हे, हे मान्य. पण तिच्यामागचे तत्त्व तेच आहे. ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. आजाऱ्यासाठी राखून ठेवलेले निरोग्याने घेतले, तर तो सातव्या आज्ञेचा प्रश्न होतो.

सगळ्याच रजा मात्र अशा नसतात. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांविषयीच्या 2017 च्या कायद्यात वर्षाला आठ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा आहे, आणि न घेतल्यास वर्षअखेर ती बुडते. शिवाय कामाच्या दिवसांवर मिळणारी अर्जित रजा वेगळी. लग्न, गावचा सण, भातलावणी यांसाठी या रजा अवश्य घ्याव्यात. काही कंपन्या उरलेली सिक लिव्ह कोणत्याही कारणासाठी घेऊ देतात. तसा नियम असेल तर निःशंक मनाने घ्यावी, त्यात पाप शोधत बसू नये. आपले रजेचे नियम एकदा नीट वाचले तर अर्धे प्रश्न तिथेच सुटतील.

आता आठवी आज्ञा. खोट्या आजाराची कथा बायबललाही नवी नाही. शौलाचे लोक दाविदाला धरायला आले तेव्हा मीखलने 'तो आजारी आहे' असे सांगून वेळ काढला (1 शमुवेल 19). लहान समूहाच्या बैठकीत कोणीतरी हा दाखला हमखास काढतो! पण तिथे दारात मारेकरी उभे होते, आपल्याकडे वऱ्हाड असते. दुसऱ्याच्या भल्यासाठी बोललेले खोटे कमी गंभीर, तरी खोटेच, असे अक्वायनस म्हणतात. आपल्या सोयीसाठी बोललेल्या खोट्याला तर तेवढाही आधार नाही.

आणि हे खोटे एकटे राहत नाही. त्याला सर्टिफिकेट लागते. मग ओळखीच्या डॉक्टरांकडे जाऊन 'तीन दिवसांचा ताप लिहून द्या' म्हणून गळ घातली जाते. खोटा दाखला देणाऱ्या डॉक्टरचे नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढले जाऊ शकते, असे वैद्यकीय आचारसंहितेचे 2002 चे नियम सांगतात. आपल्या दोन दिवसांच्या मौजेसाठी आपण त्यांची सही पणाला लावतो. इकडे कामावर जो सहकारी दुहेरी पाळी करतो, त्याच्याही घरी कोणी वाट पाहत असते. सगळ्यात जास्त भोगतो तो खरा आजारी. चार खोटे अर्ज पाहिलेला साहेब पाचव्या खऱ्या अर्जाकडेही संशयानेच पाहतो.

पण याच्या उलट चूकही आपल्या समाजात आम्ही खूप पाहतो. ताप अंगावर काढायचा, खोकत खोकत भरल्या डब्यात शिरायचे आणि 'एकही खाडा नाही' म्हणून मिरवायचे. स्त्रिया तर नोकरी आणि घर दोन्हीकडे हेच करतात. आरोग्य ही देवाने सोपवलेली ठेव आहे, तिची वाजवी काळजी घेणे हे कर्तव्य आहे, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. संसर्गजन्य आजार घेऊन कामावर जाणे म्हणजे शेजाऱ्यालाही धोक्यात घालणे, हे 2020 साली आपण सगळे शिकलो. थकलेल्या एलीयाला देवाने उपदेश केला नाही. आधी झोपू दिले आणि खाऊ घातले. कामाला लावले ते नंतर. मनाच्या आजारालाही हेच लागू आहे. उपचारांच्या बाबतीत मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवावे, असे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने ठरवले आहे. नैराश्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेली रजा खोटी नसते.

लेकरू आजारी आहे आणि साहेब दुसरी रजा देत नाही, मग काय करावे? आमचे मत असे की आधी खरे कारण सांगून रजा मागावी. खऱ्या कारणाला सतत नकार देऊन माणसाला खोटे बोलायला भाग पाडणारा वरिष्ठ त्या खोट्यात भागीदार असतो. 1891 च्या 'रेरुम नोव्हारुम' परिपत्रकात पोप लिओ तेरावे यांनी कामगाराला ठरलेले काम प्रामाणिकपणे पूर्ण करायला सांगितले, आणि त्याच्या शक्तीपलीकडे काम लादू नका असे मालकालाही बजावले. ज्यांनी पूर्वी अशी रजा घेतली आहे त्यांनी केवळ पापनिवेदन करून थांबू नये. चोरीला भरपाई असते. ज्या सहकाऱ्याने आपली पाळी ओढली त्याची एखादी पाळी आपण ओढावी.

शेवटी मालकांविषयी, कारण आपल्यापैकी बरेच जण मालकही आहेत. घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईंना आपण वर्षाला किती दिवस आजारपणाची पगारी रजा देतो? 1 शमुवेल 30 मध्ये एक इजिप्शियन दास दाविदाच्या माणसांना रानात पडलेला सापडतो. तीन दिवस त्याच्या पोटात अन्नपाणी नव्हते. तो आजारी पडला म्हणून धन्याने त्याला तिथेच टाकून दिले होते. याउलट लूक 7 मधला शताधिपती परधर्मीय असूनही आपल्या आजारी दासासाठी प्रभू येशूकडे निरोप धाडतो.

या आठवड्याच्या समूह बैठकीत हे दोन्ही उतारे वाचावेत आणि दोन प्रश्नांवर बोलावे. आपल्या कामाच्या ठिकाणी खरे कारण सांगून रजा मिळते का, आणि मिळत नसेल तर कोणाशी बोलता येईल? आणि आपल्या घरच्या बाई गेल्या खेपेला आजारी पडल्या तेव्हा आपण त्यांचे पैसे कापले होते का?