गळ टाकणाऱ्याचा विवेक

(अमेरिकेंतील बास माशावरून एक धडा)



नदीकांठच्या गांवांत वाढलेल्या मनुष्यास गळ म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. बांबूची काठी, तिला बांधलेली दोरी, टोकाला आंकडा व त्यावर गांडूळ, इतकें साहित्य मिळालें म्हणजे मुलें सकाळपासून दुपारपर्यंत डोहावर बसून राहतात. आपल्याकडे हें काम बहुतकरून कालवणासाठीं होतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र लाखो लोक केवळ विरंगुळा म्हणून गळ टाकितात, आणि त्यांच्या आवडत्या माशांत बास हा अग्रगण्य होय. ह्या छंदाचें त्यांनीं एक शास्त्रच बनविलें आहे. त्या शास्त्रांत हाताच्या कसबाचा भाग आहे खरा, परंतु मनाच्या शिस्तीचा भाग त्याहून मोठा आहे. कोणता मासा धरावा, कसा धरावा, आणि धरलेला केव्हां सोडून द्यावा, हा विवेक ज्यास आला त्यासच खरा गळ टाकणारा म्हणावें. ह्या धड्यांत त्याचाच विचार करावयाचा आहे.

१. माशाची ओळख

मोठ्या तोंडाचा बास हा गोड्या पाण्यांतला मासा असून त्याचें मूळ घर उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागांतील नद्या व तळीं हें आहे. अंग हिरवट, कुशीवरून शेपटीपर्यंत काळसर पट्टा, आणि तोंड एवढें मोठें कीं जबड्याचा कोपरा डोळ्याच्याही मागें जातो. लहान मासे, बेडूक व झिंग्यासारखे प्राणी हें त्याचें अन्न. भक्ष्याच्या मागें तो फार दूर धांवत नाहीं. पाणगवत, बुडालेलें झाड किंवा खडकाची कपार असा आडोसा पाहून तो दबा धरितो, आणि भक्ष्य टप्प्यांत येतांच झडप घालितो.

आपल्याकडील मरळ वाचकांस ठाऊक आहे. बास व मरळ हे निराळ्या कुळांतले मासे खरे. तरी दबा धरण्याची रीत व पिलांची राखण करण्याचा स्वभाव ह्या दोन गोष्टींत त्यांचें साम्य आहे. म्हणून हा धडा वाचतांना मरळ डोळ्यांपुढें ठेवावी.

ह्यावरून पहिला नियम निघतो. गळ टाकण्यापूर्वीं पाणी नीट न्याहाळावें. नवखा मनुष्य तळ्याच्या मध्यावर जितकें दूर फेंकवेल तितकें फेंकतो. जाणता मनुष्य प्रथम कांठावर स्वस्थ उभा राहून गवताची कड कोठें संपते, सावली कोठें पडते, लहान मासे कोठें बिचकून उडतात, हें पाहतो. त्याची पावलेंही हलकीं पडतात. कारण माशाच्या कुशीवर पाण्याचा हादरा जाणणारी एक रेषा असते, आणि कांठावरची आदळआपट तिला कळते.

२. काळ व वेळ

माशाच्या अंगाची उष्णता पाण्याप्रमाणें कमीजास्त होते. उन्हाळ्यांत पहाटे व दिवेलागणीच्या सुमारास बास कांठाशीं येऊन चरतो. भर दुपारीं तो दाट सावलींत किंवा खोल पाण्यांत जातो. थंडींत तो मंद होतो, तेव्हां आमिषही मंद गतीनें हलवावें. आभाळ भरून आलें असेल व वाऱ्यानें पाण्यावर बारीक लहरी उठत असतील, तर तो दिवस चांगला समजावा.

परंतु एक काळ असा आहे कीं त्या वेळीं मासा सहज सांपडतो आणि म्हणूनच मनुष्याची परीक्षा होते. वसंत ऋतूंत पाण्याची उष्णता सुमारें १६ ते १८ अंश सेल्सिअस झाली म्हणजे नर उथळ पाण्यांत येतो, आणि शेपटीनें तळ झाडून वाटोळें घरटें करितो. मादी अंडीं घालून निघून जाते. नर मात्र तेथेंच राहतो, अंड्यांवर ताजें पाणी खेळवितो, आणि पिलें फुटून पोहूं लागल्यावरही कांहीं काळ त्यांची राखण करितो. ह्या दिवसांत घरट्याजवळ जें येईल त्यावर तो तुटून पडतो. तें भुकेमुळें नव्हे, तर पिलांना धोका वाटतो म्हणून. गळ टाकणाऱ्यास हें फारच सोयीचें. परंतु नर उचलला गेला म्हणजे आसपास टपून बसलेले लहान मासे थोड्याच वेळांत घरट्यावर येऊन अंडीं खाऊं लागतात. मनुष्याच्या हातीं एक मासा येतो, आणि एक सबंध वेण नाहींशी होते. म्हणून उत्तरेकडील कांहीं संस्थानांनीं ह्या हंगामांत बास धरण्यावर निर्बंध घातले आहेत.

आपल्या ओढ्यांतही पावसाळ्यांत मरळीच्या तांबूस पिलांचा थवा पाण्यावर दिसतो, आणि त्याच्या खालीं आईबाप फिरत असतात. त्या थव्यांत गळ टाकिला तर मोठी मरळ सांपडते, हें पुष्कळांस ठाऊक आहे. त्यामागून त्या पिलांचें काय होतें, हें पाहावयास कोण थांबतो?

३. साहित्य व हात

काठी लवचीक असावी. दोरा प्रत्येक वेळीं बोटांतून फिरवून पाहावा. खडकावर घांसून तो खरखरीत झाला असेल तर तेवढा भाग कापून टाकावा. नायलॉनच्या दोऱ्याची गांठ आवळण्यापूर्वीं ओली करावी, नाहींतर घर्षणानें दोरा कमजोर होतो. आंकड्याचें टोंक नखावर हलकेंच टेकून पाहावें. तें घसरलें तर बोथट, अडकलें तर तीक्ष्ण.

सन १९४९ च्या सुमारास ओहायो संस्थानांतील निक क्रीम नांवाच्या गृहस्थानें मऊ प्लास्टिकचें गांडूळ विकावयास काढलें. बासासाठीं तें आमिष पुढें फार लोकप्रिय झालें. तें लावण्याची एक प्रसिद्ध रीत अशी: दोऱ्यांत बंदुकीच्या गोळीच्या आकाराचें वजन ओंवावें, त्यापुढें आंकडा बांधावा, आणि आंकड्याचें टोंक गांडुळाच्याच अंगांत दडवावें. असें केल्यानें तें गवतांत अडकत नाहीं, आणि जेथें मासा असतो तेथेंच नेतां येतें.

आमिष पाण्यांत पडल्यावर त्यास तळास जाऊं द्यावें. पुष्कळ मासे तें खालीं जात असतांनाच घेतात. मग काठीचें टोंक सावकाश उचलावें, पुनः खालीं करावें, आणि थांबावें. दोऱ्यावर डोळा ठेवावा. बारीक टिचकी जाणवली, किंवा दोरा आपोआप बाजूस सरकूं लागला, तर सैल दोरा गुंडाळून घेऊन मगच काठी जोरानें उचलावी. पाण्यावर तरंगणारा बेडूक वापरीत असतां तर अधिकच संयम पाहिजे. मासा एकदम उसळी मारितो, पाणी उडतें, आणि दचकून मनुष्य काठी ओढितो. त्यामुळें मासा सुटतो. त्याचें वजन हातास लागेपर्यंत थांबावें.

४. एका तरुण शेतकऱ्याची गोष्ट

चांगल्या साहित्यावांचून चांगला मासा मिळत नाहीं, अशी तक्रार पुष्कळ जण करितात. त्यांनीं जॉर्ज पेरी ह्याची हकीकत लक्षांत घ्यावी. हा जॉर्जिया संस्थानांतील विशींतला गरीब शेतकरी होता. सन १९३२ च्या जून महिन्याच्या २ तारखेस पावसामुळें नांगर धरतां येईना, म्हणून तो एका मित्रासह माँटगोमेरी नांवाच्या तळ्यावर गेला. दोघांत काठी एक व आमिषही एकच. आळीपाळीनें टाकीत होते. पेरीच्या पाळीस जो बास लागला त्याचें वजन २२ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारें १० किलो, भरलें. एका मासिकाच्या स्पर्धेंत त्यास ७५ डॉलर किंमतीच्या वस्तूंचें बक्षीस मिळालें. मासा मात्र त्यानें घरीं नेला आणि घरच्या माणसांनीं तो खाल्ला.

तो उच्चांक ७७ वर्षें अबाधित राहिला. सन २००९ मध्यें जपानच्या बिवा सरोवरांत मानाबू कुरिता ह्यानें जवळजवळ तेवढाच मासा धरला. तो औंसभरानें जड होता; पण निदान २ औंस अधिक असल्याशिवाय जुना उच्चांक मोडला असें मानावयाचें नाहीं, असा नियम आहे. म्हणून दोघांची बरोबरी ठरली.

पेरीनें मासा खाल्ला ह्यांत दोष काय? कांहीं नाहीं. घरांत खाणारीं माणसें होतीं. विवेक म्हणजे प्रत्येक मासा सोडून देणें नव्हे. आपण जें घेतों तें कशासाठीं घेतों, हें स्वतःस विचारणें होय.

५. ठेवणें व सोडणें

गरजेसाठीं घेणें निराळें आणि दिखाव्यासाठीं मारणें निराळें. अमेरिकेंत बास धरण्याच्या मोठ्या स्पर्धा सन १९६७ पासून रे स्कॉट ह्यानें सुरू केल्या. आरंभीं स्पर्धक माशांच्या माळा मिरवीत. ज्या माशांवर आपला सर्व खेळ अवलंबून आहे तेच आपण संपवीत आहों, हें ध्यानांत येऊन सन १९७२ मध्यें स्कॉटनें मासे जिवंत तोलून परत सोडण्याची चाल आपल्या स्पर्धांत घातली. आज ती सर्वमान्य झाली आहे. ह्याशिवाय परवाना काढणें, ठरलेल्या मापाहून लहान मासा न ठेवणें, व ठरलेल्या संख्येहून अधिक न घेणें, हे तेथील संस्थानांचे नियम आहेत. गळाच्या साहित्यावरील कराचा पैसा माशांच्या जोपासनेकडे लावण्याचा कायदा तेथें सन १९५० मध्यें झाला.

सोडावयाचा तर मासा जगेल असा सोडावा. हात अगोदर भिजवावे; माशाच्या अंगावरील बुळबुळीत लेप त्याचें रोगापासून रक्षण करितो, व कोरड्या हातानें तो निघून जातो. बासाचे दांत बारीक असतात, म्हणून आंगठा तोंडांत घालून त्याचा खालचा ओठ धरितां येतो. मरळीस मात्र असें धरूं नये. तिचे दांत तीक्ष्ण असतात. मासा जड असेल तर दुसरा हात पोटाखालीं द्यावा. आंकडा घशांत खोल गेला असेल तर ओढाताण न करितां दोरा जवळून कापावा. मासा बाहेर काढतांना आपणही श्वास कोंडून धरावा. आपला जीव कासावीस होण्यापूर्वीं तो पाण्यांत परत गेला पाहिजे. आणि जो ठेवावयाचा तो ताबडतोब मारावा. दोरींत ओंवून तासन्‌तास तळमळत ठेवूं नये.

तुटलेला दोरा कांठावर टाकूं नये, त्यांत पक्ष्यांचे पाय अडकतात. शिशाचीं लहान वजनें गिळून पाणपक्षी विषबाधेनें मरतात. म्हणून मेन व न्यू हॅम्पशायर ह्या संस्थानांत अशा वजनांस बंदी आहे.

६. जेथें सोडणें हाच अपराध

आतां ह्याची दुसरी बाजू पाहूं. सन १९२५ मध्यें हा बास अमेरिकेंतून जपानच्या आशी सरोवरांत आणून सोडण्यांत आला. पुढें तो अनेक तळ्यांत पसरला आणि तेथील मूळच्या लहान माशांचा संहार करूं लागला. म्हणून बिवा सरोवराच्या प्रांतांत सन २००३ पासून धरलेला बास परत पाण्यांत सोडण्यास मनाई आहे. आणि सन २००५ पासून तो जिवंत नेणें, पाळणें व नव्या पाण्यांत सोडणें ह्यांस देशाच्या कायद्यानें प्रतिबंध आहे. एके ठिकाणीं जी दया, तीच दुसरीकडे नाश करिते. परका मासा कौतुकानें आपल्या तळ्यांत आणून सोडणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. आपल्या देशांत आफ्रिकन मागूर पाळण्यास बंदी आहे, तिचें कारण हेंच.

सारांश, पाणी ओळखावें, ऋतु ओळखावा, आणि स्वतःची गरज ओळखावी. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणारा एका दुपारीं पोतें भरतो, पण पुढच्या वर्षीं त्याच डोहावर त्याचींच मुलें रिकाम्या हातानें बसतात. सन १८९७ च्या कायद्यानें आपल्या देशांत ह्या कृत्यांस मनाई झाली. तरी डोहावर पहारा अखेर गांवकऱ्यांच्या मनाचाच.

चर्चेसाठीं प्रश्न

१. घरट्यावरचा मासा सहज सांपडतो; मग तो धरूं नये असें कां?
२. पेरीनें मासा खाल्ला व स्कॉटनें सोडविला. ह्या दोहोंत विरोध आहे काय?
३. अमेरिकेंत बास सोडणें चांगलें व बिवा सरोवरांत वाईट, ह्याचें कारण काय?
४. आपल्या गांवच्या ओढ्यांत मरळीचीं पिलें कोणत्या महिन्यांत दिसतात? त्या दिवसांत तेथें गळ टाकूं नये असें गांवानें ठरविल्यास त्याची सुरुवात कोणीं करावी?