पाककृतीची भाषा : खिम्याच्या गोळ्यांचा झणझणीत रस्सा

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात पत्र, इतिवृत्त, जाहिरात यांना हक्काची जागा मिळते. पाककृती मात्र बहुधा वगळली जाते. वस्तुतः तोंडी सूचना लेखनात उतरताना तिचे काय होते, हे पाहण्यास इतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

नागपूर जिल्ह्यातील भिवापूर मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील मिरचीला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. त्या परिसरातील एखादी सासू सुनेला सांगते आहे, अशी कल्पना करा :

“खिम्यात सांबार टाक, मीठ टाक, डाळ्याचं पीठ टाक, मंग गोये कर. रस्सा खदखदला का गोये सोड, पन लगेच चमचा नोको फिरवू.”

हेच लेखनात असे होईल : “खिम्यात कोथिंबीर, मीठ व डाळ्याचे पीठ घालून त्याचे गोळे करावेत. रस्सा खदखदू लागल्यावर ते त्यात सोडावेत. मात्र लगेच ढवळू नये.”

प्रथम क्रियापदे पाहा. ‘कर’, ‘सोड’ या आज्ञार्थी रूपांच्या जागी ‘करावेत’, ‘सोडावेत’ ही विध्यर्थी रूपे आली. ऐकणारी सून वाक्यातून नाहीशी झाली आणि क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालू लागले : मिरची वाटावी, खोबरे भाजावे, गोळे सोडावेत. ‘नोको फिरवू’चे ‘ढवळू नये’ झाले. हा निषेध गाळला, तर पाककृतीच फसते. कच्चा गोळा उकळत्या रश्श्यात पडला की त्याचा बाहेरचा थर आवळतो. त्याआधी चमचा फिरला, तर गोळे फुटून साधा खिमा-रस्सा उरतो. म्हणून अनुभवी हात सुरुवातीस केवळ भांडे हलवतात. सासूने हे कारण सांगितले नाही, कारण सून शेजारी उभी राहून पाहत होती. वाचक शेजारी नसतो. लेखकाला ते लिहावेच लागते.

‘गोये’मधील ‘य’ हा प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी येणारा वऱ्हाडी-नागपुरी उच्चार होय. ‘सांबार’ अधिक अडचणीचा आहे. विदर्भात तो कोथिंबिरीचा वाचक. इतरत्र डाळीच्या दाक्षिणात्य कालवणाचा. विदर्भाबाहेरील वाचक खिम्यात वाटीभर कालवण ओतील, ही केवळ गंमत नव्हे. ‘टाकणे’ या क्रियापदावरही पश्चिमेकडे लाल रेघ ओढली जाते. तेथे स्वयंपाकात ‘घालणे’ शिष्ट मानतात. माझ्या मते ही रेघ अनाठायी आहे. ‘सांबार’ला स्पष्टीकरण हवे, कारण अर्थ बदलतो, ‘टाकणे’ला नको, कारण येथे अर्थ ढळत नाही. आपली बोली अशुद्ध आहे, असे मानून उत्तरपत्रिकेत अडखळणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा भेद अवश्य ध्यानी घ्यावा.

शब्दांची कुळेही पाहण्याजोगी आहेत. ‘खिमा’ तुर्की मूळाचा, तर ‘कोफ्ता’ कुटणे या अर्थाच्या फारसी धातूपासून आलेला. ‘मिरची’चे नाते संस्कृत ‘मरीच’शी, म्हणजे काळ्या मिऱ्याशी. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांमार्फत अमेरिकेतील हे फळ आले आणि जुन्या तिखटाचे नाव नव्याला मिळाले. ‘तिखट’ हा शब्द तर ‘तिखट रस्सा’मध्ये विशेषण आणि ‘दोन चमचे तिखट’मध्ये नाम ठरतो.

स्वाध्याय : घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीकडून एक पाककृती ऐका व उच्चारासह जशीच्या तशी टिपून घ्या. नंतर ती विध्यर्थात लिहा. कोणते बोलीशब्द ठेवले, कोणते बदलले आणि न सांगितलेली कोणती कारणे तुम्हांला नव्याने विचारावी लागली, ते दहा ओळींत नोंदवा.