संकुचित प्रतिमा आणि संहितेचे वाचन

जुन्या मराठी पुस्तकाचे पान मोबाइलवर टिपून सहाध्यायांना पाठवणे आता सोपे झाले आहे. परंतु पडद्यावर पान 'छान दिसते' म्हणून ते अभ्यासाला पुरते, असे समजू नका. प्रतिमेचा दर्जा ती कशासाठी पाहिली जाते, यावर अवलंबून असतो.

१९९२ साली मानक म्हणून मान्यता मिळालेली जेपीईजी ही पद्धत प्रतिमेचे आठ गुणिले आठ बिंदूंचे चौकोन पाडते आणि त्यांतील बारीकसारीक, झपाट्याने होणारे बदल ढोबळ करते. चेहरा, आकाश, शेत यांच्या छायाचित्रात हे सहसा जाणवत नाही. छापील अक्षराची गोष्ट निराळी. तेथे काळे आणि पांढरे एकदम भिडलेले असते. संकोचन फार झाले की अक्षरांच्या कडेने पुसट डाग उमटतात आणि अनुस्वारासारखी लहान खूण त्यांत हरवू शकते.

हानी केवढी? १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. त्यापूर्वीच्या छपाईत 'तें' हे नपुंसकलिंगी एकवचन आणि 'ते' हे पुल्लिंगी अनेकवचन असे. टिंब गेले की लिंग गेले, वचनही गेले. कथानकापुरते वाचणाऱ्याला संदर्भाने अर्थ लागतो. त्याला ती प्रतिमा उत्तमच वाटेल. पाठचिकित्सा करणाऱ्याला ती निरुपयोगी आहे. दोघांचेही म्हणणे खरे आहे.

डाग दिसले तर निदान सावध तरी होता येते. २०१३ मध्ये जर्मन संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्रीझेल यांना याहून घातक प्रकार आढळला. जेबीआयजी२ ही संकोचनपद्धत वापरणाऱ्या यंत्राने एका घराचा आराखडा स्कॅन केला, तेव्हा २१.११ चौरस मीटरच्या खोलीवर १४.१३ हा शेजारच्या खोलीचा आकडा आला. सारख्या दिसणाऱ्या आकृत्या यंत्राने एकच मानल्या होत्या. प्रत मात्र अगदी स्वच्छ होती!

म्हणून उद्धृत करायचे पान पीएनजी किंवा टिफ स्वरूपात, काहीही न गाळता जतन करा. आधीच जेपीईजी झालेले चित्र नंतर पीएनजी केले, तरी गेलेले टिंब परत येत नाही.

स्वयं-अध्ययन : १९६२ पूर्वीच्या पुस्तकातील एका पानाचे छायाचित्र घ्या. त्याची अतिसंकुचित प्रत करा. दोहोंतील अनुस्वार मोजा आणि मूळ पानाशी ताडून पाहा.