स्पीकर बदलण्याआधी चार्जर काढून बघा

जुन्या लॅपटॉपमधून खरखर यायला लागली की दिंडोरीसारख्या तालुक्याच्या गावी निदान ठरलेलं असतं: ‘स्पीकर उडाले.’ नवे स्पीकर बसतात, दुकानात आवाज स्वच्छ येतो, आणि घरी येऊन चार्जर लावला की खरखर पुन्हा हजर. मग दुसरं निदान निघतं, मदरबोर्ड गेला. आमच्या घरच्या लॅपटॉपची हीच वरात निघाली होती. तो आजही त्याच मदरबोर्डवर चालतो. दुरुस्त झालं ते घराचं अर्थिंग.

जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुतेक मेलेलीच असते. त्यामुळे तो कायम चार्जरवर असतो आणि चार्जरवर कुणाचा संशयच जात नाही. पाच मिनिटं का होईना, बॅटरी टिकत असेल तर चार्जर काढून गाणं लावावं. खरखर थांबली, तर स्पीकर निर्दोष.

घरातली वीज 50 हर्ट्‌झची. चार्जर तिचा साधारण 19 व्होल्टचा डीसी करतो. हे काम तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत करतो. त्यातून उरलेला गोंगाट जाड, लांब तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायला हवा. अर्थिंग नसेल तर तो लॅपटॉपच्या अंगावरच राहतो आणि बाहेरचा अ‍ॅम्प्लिफायर किंवा टीव्ही जोडलेला असला की आवाजाच्या वायरीतून वाट काढतो. याची खूण बोटांना कळते: चार्जिंगला लावलेल्या पत्र्याच्या बॉडीवरून हात अलगद फिरवला की मुंग्या आल्यासारखं होतं. मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो, त्यात पाणी ओतायची आठवण कुणाला राहत नाही. वायरमनला बोलावून अर्थिंग मीटरवर तपासून घ्यावं. काही जण तिसरी पिन मोडून किंवा टू-पिन लावून घूं-घूं घालवतात. कधी ती जातेही, पण अर्थिंगचं संरक्षणही तिच्यासोबत जातं. हा उपाय कुणीही सांगितला तरी करू नये.

चार्जर काढूनही आवाज फाटत असेल, तर हेडफोन लावावा. हेडफोनमध्ये स्वच्छ आणि स्पीकरमध्येच फाटका, विशेषतः तबल्याच्या डग्ग्यावर, तर मात्र स्पीकरचा पडदा गेला असं खुशाल समजावं. हेडफोनची पिन जागच्या जागी फिरवल्यावर खर्र होत असेल, तर जॅक मळला आहे किंवा सैल झाला आहे. द्राक्षपट्ट्यात भुरीसाठी गंधक मारतात, ऐन हंगामात धूळही काही कमी नसते. बागेला लागून घर असेल तर जॅक उघडा ठेवू नये. सफाई लॅपटॉप बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं करावी. शिलाई मशीनचं तेल त्यात सोडणारे महाभाग आहेत, त्यांच्यापुढे हात टेकले.

खालचं झाकण उघडलंच, तर बॅटरीकडेही बघावं. ती फुगली असेल, किंवा न उघडताही टचपॅड वर उचललेला दिसत असेल, तर आवाजाचा विषय तिथेच सोडावा. तो लॅपटॉप चार्जिंगला लावू नये.

सगळ्यात चकवा देते ती थांबून-थांबून होणारी तडतड. व्हिडिओ चालू असताना वायफायवर काही डाउनलोड झालं की ती वाढते. आवाज प्रोसेसरकडून छोट्या तुकड्यांत पुढे जातो. सेकंदाला 48,000 नमुने धरले तर 10 मिलिसेकंदांच्या तुकड्यात 480 नमुने बसतात. जुना वायफाय ड्रायव्हर तेवढा वेळ प्रोसेसर अडवून बसला, की पुढचा तुकडा वेळेवर पोचत नाही आणि त्या फटीची तडतड ऐकू येते. विंडोजवर ‘लेटन्सीमॉन’ हा प्रोग्राम अडवणाऱ्या ड्रायव्हरचं नाव दाखवतो. वायफाय क्षणभर बंद करून पाहिलं तरी अंदाज येतो. साउंड सेटिंगमधले एन्हान्समेंट्स बंद करावेत. पंख्यात धूळ साचून लॅपटॉप तापत असेल तर प्रोसेसर मंदावतो, तेव्हाही हाच प्रकार होतो. शंका उरलीच, तर पेनड्राइव्हवरून उबुंटू इन्स्टॉल न करता चालवून बघावं. तिथे आवाज निर्मळ आला तर दोष बहुधा ड्रायव्हरचा, मदरबोर्डचा नाही.

शेजारी साधा टूजी मोबाइल ठेवलेला असेल तर तो आधी लांब ठेवावा. फोन येण्याआधीची टिटिट-टिटिट त्याचीच असते. त्याचं प्रक्षेपण सेकंदाला सुमारे 217 वेळा चालू-बंद होतं आणि ते स्पीकरच्या वायरी पकडतात.

इतकं करूनही दोष आतल्या सर्किटमध्येच निघाला, तर काही शे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड पुरतं. डिजिटल आवाजाचं रूपांतर मग लॅपटॉपच्या बाहेर होतं, आतला गोंगाट सहसा तिथवर पोचत नाही. मदरबोर्ड बदलण्यात मात्र अर्थ नाही: विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि बरेच जुने लॅपटॉप विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत.